कुलूप न तोडणारे चोर

2021 मध्ये सोलापूरच्या मयूर फरताडे या विद्यार्थ्याला फेसबुकने 30 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे 22 लाख रुपये, बक्षीस दिले. इन्स्टाग्रामचे खाते प्रायव्हेट असले तरी त्यातले फोटो परक्याला पाहता येतील अशी एक फट त्याला सापडली होती. गैरफायदा न घेता त्याने ती कंपनीला कळवली आणि कंपनीने ती बुजवली. अशा माणसाला व्हाइट हॅट, म्हणजे पांढऱ्या टोपीचा हॅकर म्हणतात. जुन्या अमेरिकी सिनेमांत नायकाची टोपी पांढरी आणि खलनायकाची काळी असे, तिथून ही नावे आली. नववी-दहावीच्या वर्गात ही 22 लाखांची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही सरसावून बसतात. मग त्यांना लगेच करड्या टोपीबद्दलही सांगावे लागते. हा विचारल्याशिवाय आत शिरतो आणि म्हणतो, मी चांगल्यासाठीच शिरलो. शेजारच्यांचे दार लोटून स्वयंपाकघरापर्यंत जायचे आणि "तुमची कडी सैल आहे" असे सांगायचे, तर शाबासकी कोण देणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अशा माणसाकडून नुकसानभरपाई मागता येते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काळ्या टोपीचे काम पाहायचे तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पाहा. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएममधून पैसे द्यावेत की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा बसवली, आणि 28 देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर नोटा बाहेर पडत राहिल्या.

एवढी हुशारी असलेला चोर आपल्या दारात सहसा येत नाही. मुंब्रा, कौसा, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत जो येतो, त्याला कॉम्प्युटर फारसा येत नसला तरी चालते. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा." मुंब्र्यात 2020 पासून वीज टोरंट देते, मेसेज येतो महावितरणच्या नावाने, तरी घाबरून फोन करणारे निघतात. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण येते आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते उतरवून मागेल ती परवानगी दिली की आपले मेसेज आणि त्यांतले ओटीपी दुसरा वाचू लागतो. भाचीच्या नंबरवरून येते, "खालाजान, माझा कोड चुकून तुमच्याकडे गेलाय, जरा पाठवा ना." तो कोड खालाच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा असतो, आणि भाचीचे खाते आधीच चोराच्या हाती गेलेले असते. यावर उपाय अगदी छोटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन आजच लावा आणि तो कुणालाही सांगू नका.

मग सर्वांत जुने हत्यार, धाक. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथली मुले रात्री अमेरिकेत फोन लावून "आम्ही कर खात्याचे अधिकारी, पैसे भरा नाहीतर अटक" असे सांगत होती. 700 च्या आसपास तरुण ताब्यात घेतले गेले आणि सुमारे 70 जणांना अटक झाली. आज तोच खेळ व्हिडिओ कॉलवर, वर्दी घालून, आपल्या निवृत्त अब्बांशी खेळला जातो. त्याला नाव दिले आहे डिजिटल अरेस्ट. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही.

या सगळ्या चोरांना आपल्याच घरातून एक मदत मिळते. पालकसभेनंतर एक आई थांबली. खात्यातून 18 हजार गेले होते, त्याला नऊ दिवस झाले होते, आणि घरात कुणालाच माहीत नव्हते. "ह्यांना कळलं तर फोनच काढून घेतील," ती म्हणाली. चोराला हेच नऊ दिवस हवे असतात. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतो. 1930 या नंबरवर लगेच कळवले तर तो वाटेत गोठवता येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, आपण स्वतः ओटीपी सांगून बसलो असलो तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. चूक ना आपली ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल, तर 3 कामाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर काहीच बोजा येत नाही. घरचे काय म्हणतील या विचारात हे दिवस निघून जातात. फसलेल्या बाईला "तुला अक्कल नाही" म्हणणारा पुरुष स्वतःचे पुढचे नुकसान ओढवून घेतो, कारण पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

मुलींच्या बाबतीत तर पैशाहून मोठी गोष्ट पणाला लागते. जानेवारी 2022 मध्ये बुल्ली बाई नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो "लिलावाला" मांडले गेले. त्यासाठी कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही, समाजमाध्यमांवरचे फोटो उचलले गेले. स्त्रियांनी तक्रारी केल्या, नाव लपवले नाही, मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांत आरोपींना वेगवेगळ्या राज्यांतून पकडले. त्या गप्प बसल्या असत्या तर ते अ‍ॅप आणखी किती दिवस चालले असते कोण जाणे. तेव्हा कितीतरी घरांत मुलीचाच फोन बंद झाला. मला ते पटत नाही. शिक्षा तिला कशाची?

मुलीला कुणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. पोलीस ठाण्याची पायरी चढायची नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार नोंदवता येते.