बाळांसाठी पावडरचे डबे गोळा करू नका

कोल्हापूरकरांनो, आणि दर पुराला पुण्या-मुंबईहून ट्रक भरून पाठवणाऱ्या मंडळींनो,

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत तिनं ५५ फूटही ओलांडले. चिखली, आंबेवाडीची, शिरोळ तालुक्यातली माणसं घरदार सोडून निघाली. अशा वेळी आपलं गाव हात आखडत नाही. तालमी, महिला मंडळं रात्रीत भाकऱ्यांच्या चळती उभ्या करतात. पण मदतीच्या यादीत एक ओळ हटकून घुसते: ‘लहान मुलांसाठी दूध पावडर, बाटल्या, बेबी फूड’. ती ओळ आजच खोडा. पाणी दाराशी आल्यावर याद्या दुरुस्त करायला कुणाला सवड नसते.

पावडरचं दूध करायला पाणी उकळावं लागतं, ते ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत पावडर कालवावी लागते, आणि दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यावं लागतं. बाटली-निपल दर खेपेला उकळायची ती वेगळीच. २०१९ ला पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि पुरानं वेढलेलं शहर प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं धावलं. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या बाळंतिणीनं हे सगळं कुठल्या पाण्यात आणि कशावर करायचं? तान्ह्याला जुलाब लागले तर काही तासांत जिवावर बेततं. शिवाय फुकटचा डबा आठवड्यात संपतो. तोवर पाजणं कमी झाल्यानं आईचं दूध घटलेलं असतं, आणि पुढचा डबा तिला चिखल उपसता उपसता विकत आणावा लागतो.

कायद्यालाही हे मंजूर नाही. १९९२ चा केंद्राचा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला, स्पष्ट सांगतो: अनाथालय सोडून कुणालाही शिशुदूध पावडर, दूधबाटल्या किंवा दोन वर्षांखालच्या मुलांचे तयार शिशुआहार दान करायचे नाहीत. हेतू कितीही चांगला असो.

‘धसक्यानं तिचं दूध आटलंय हो,’ असं निवारा केंद्रात दर दोन तासांनी कुणीतरी म्हणतंच. धसक्यानं पान्हा थोडा वेळ अडतो. बाळाला पुन्हा पुन्हा पाजलं की तो सुटतो. तिला हवा असतो कोरडा कोपरा, आडोशाला एक पडदा, पोटभर गरम जेवण आणि शेजारी बसणारी एखादी जाणती मावशी. हे द्या. ज्या बाळाची आई जवळ नाही किंवा पाजूच शकत नाही, त्याचा निर्णय आरोग्य पथकातल्या डॉक्टरांवर सोडा, आणि अशा बाळाची खबर त्यांना तातडीनं द्या. एरवी सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाकी काही नको, पाणीसुद्धा नको.

सहा महिन्यांवरच्या बाळाला आईच्या दुधासोबत वरचं खाणं लागतं. एरवी घरी करायचं की दुकानातून आणायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पुरात घरची चूलच पाण्याखाली असते. म्हणून ‘घरचं’ अन्न आपल्या सामुदायिक स्वयंपाकघरातून निघालं पाहिजे. मोठ्या पातेल्यातली मूगडाळ-तांदळाची खिचडी फोडणी, तिखट, मीठ पडायच्या आधी चार डाव बाजूला काढा, घोटा, वर तूप घाला आणि लगेच भरवायला द्या. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. नुसत्या वरणाच्या पाण्यानं पोट फुगतं, अंगी काही लागत नाही. नाचणीची घट्ट खीरही चालेल. साखर नको, आणि गुळाच्या गावात हे सांगणं जिवावर येतं, पण गूळही नको. वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. चिवडा, फरसाण, बिस्किटं ही बाळाची जेवणं नव्हेत.

ट्रक भरणाऱ्यांनी डब्यांऐवजी तांदूळ, मूगडाळ, नाचणीचं पीठ, तूप, गॅस शेगडी, झाकणाची पातेली, स्टीलच्या वाट्या-चमचे, साबण आणि पडद्याची चादर पाठवावी. जवळून येणाऱ्यांनी पिकली केळी आणावीत. त्यांना ना पाणी लागतं ना भांडं, धुतलेल्या हातानं कुस्करली की झालं. पावडरचे डबे आधीच गोळा झाले असतील तर ते केंद्रात वाटू नका, आरोग्य विभागाच्या ताब्यात द्या. आणि प्रत्येक तालमीनं, मंडळानं आपल्या स्वयंपाकघरात बाळांचं पातेलं सांभाळणारी दोन माणसं या आठवड्यातच नेमून ठेवावीत.