शहाण्याने ही पायरी चढावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या वेदवाक्यासारखी जपली आहे. दावे लावण्याची खुमखुमी असलेल्यांना आवर घालण्यासाठी ती योग्यच आहे. परंतु ज्याच्यावर दावा लागला आहे, त्यानेही हीच म्हण प्रमाण मानून घरी बसायचे ठरवले तर काय होईल? जुन्या, विसरलेल्या किंवा मुळात घेतलेच नव्हते अशा कर्जाच्या वसुलीचे समन्स ज्याच्या हाती पडते, त्या अंधेरी-बोरिवलीच्या वा मुलुंड-घाटकोपरच्या पगारदारापुढे आज हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. अशा दाव्यात कर्ज पुष्कळदा पुराव्याने सिद्ध होत नाही. ते प्रतिवादीच्या मौनाने सिद्ध होते.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी अचानक एखाद्या अनोळखी कंपनीच्या नावाने दारी कशी येते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. बुडीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकण्याची मुभा बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिली. अशी विक्री ठोक भावात होते. व्यवहारात यादीतील नाव, रक्कम आणि पत्ता हस्तांतरित होतो. मूळ अर्ज, करारनामा आणि खात्याचा उतारा मागे राहण्याचा संभव असतो. नावात साम्य असेल, कोणाच्या पॅन क्रमांकाचा गैरवापर झाला असेल किंवा पूर्वीच तडजोडीने मिटवलेले खाते चुकून यादीत राहिले असेल, तर ती चूकही विकली जाते. तथापि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे तत्त्व असे आहे की, येणे विकत घेणाऱ्याला मूळ धनकोपेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. बँकेविरुद्ध जो बचाव चालला असता, तो खरेदीदार कंपनीविरुद्धही चालतो. मात्र तो मांडायला कोणीतरी न्यायालयात उभे राहावे लागते.

उपनगरांत या उभे राहण्यातच एक विशेष अडचण आहे. येथील जुन्या चाळी आणि सोसायट्या पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. घाटकोपरचा रहिवासी तीन वर्षांसाठी डोंबिवलीला जातो, बोरिवलीचा विरारला. कर्जाच्या कागदावर मात्र जुनाच पत्ता असतो. माणूस सापडला नाही तर समन्स दारावर डकवून बजावणी करता येते; न्यायालयाच्या परवानगीने वृत्तपत्रातील जाहिरातीनेही ती होते. ज्या दाराची आता वीटही शिल्लक नाही, तेथे झालेली बजावणी कागदोपत्री पूर्ण ठरू शकते. मग एकतर्फी हुकूमनामा होतो आणि प्रतिवादीला त्याची पहिली वार्ता कचेरीच्या लेखा विभागाकडून, पगारावरील जप्तीच्या रूपाने मिळते.

महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत सावकारांविरुद्ध उठली आणि तिने कर्जरोख्यांची होळी केली. त्या उठावामागील कारणांत दोन गोष्टी ठळक होत्या. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परंतु मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून कुणब्याचा अंगठा नव्या रोख्यावर घेत असे. ढाल म्हणून दिलेला कायदा अशा रीतीने फास ठरला. दुसरी गोष्ट एकतर्फी हुकूमनाम्यांची. तालुक्याच्या कोर्टात जाण्याचे भय, खर्च आणि अज्ञान यांमुळे रयत हजरच राहत नसे. पुढे १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्यास सांगितले, ते उगीच नव्हे.

आज अंगठ्याची जागा सहीने घेतली आहे, एवढाच फरक. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे. घर गहाण असेल तर ती बारा वर्षांची होते. करोनाच्या साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे, हे हिशेब करताना विसरू नये. मुदत संपण्यापूर्वी कर्ज लेखी व सहीनिशी मान्य केले किंवा त्यापोटी काही रक्कम लेखी नोंद ठेवून भरली, तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत संपल्यानंतरही कर्ज फेडण्याचे सहीनिशी लेखी वचन दिले, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते वचन स्वतंत्र करार म्हणून बंधनकारक ठरते. वसुलीचा प्रतिनिधी ‘फक्त एवढ्या कागदावर सही करा, प्रकरण मिटवतो’ असे गोड शब्दांत सांगतो, तेव्हा सुप्याचा तो जुना रोखा आठवावा आणि लेखणी खिशातच ठेवावी.

न्यायालयाचे कर्तव्यही याच कायद्यात लिहिले आहे. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळला पाहिजे, असे कलम ३ सांगते. परंतु न्यायाधीशापुढे वादीनेच सांगितलेल्या तारखा असतात. दाव्याचे कारण अमुक दिवशी घडले, असे वादपत्रात लिहिले आणि त्यास कोणी हरकत घेतली नाही, तर खरी तारीख न्यायालयास कळणार कोठून? पुराव्याचेही तसेच आहे. केवळ हिशेबाच्या वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहत्ती बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बँकेच्या खतावणीलाही लावले. तत्त्व उत्तम आहे. पण रिकाम्या खुर्चीसाठी ते कोण उच्चारणार?

म्हणून हाती कागद आला की प्रथम तो काय आहे, हे पाहावे. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. लोकअदालतीचे दावापूर्व निमंत्रण म्हणजेही दावा नव्हे. तेथे संमतीशिवाय निवाडा होत नाही, मात्र संमती दिली तर त्यावर अपील नाही. समन्स खरे आहे की नाही, हे त्यावरील दावा क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पडताळता येते. ते खरे असेल तर दिवस मोजण्यास लागावे. साध्या दाव्यात लेखी कैफियत देण्यास तीस दिवस असतात. न्यायालय ती मुदत कारणे नोंदवून नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. परंतु समन्स संक्षिप्त दाव्याचे असेल तर केवळ दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावाची परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागते. हा फरक न कळल्याने हातचा बचाव जाऊ शकतो. कैफियतीत ‘सर्व मजकूर खोटा आहे’ एवढेच मोघम लिहून भागत नाही. जे विधान नेमकेपणे नाकारले नाही, ते कबूल धरले जाते. मूळ करार कोठे आहे, खाते कोणी कोणास व कोणत्या लेखाने विकले, शेवटचा भरणा केव्हा झाला, हे प्रश्न मुद्देसूद विचारले पाहिजेत.

एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला असला तरी सर्व संपले, असे नव्हे. तो रद्द करण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो आणि समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजले जातात. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश अशा जप्तीपासून मुक्त असतात. म्हणजे जप्तीस पात्र ठरणारा पगार चाळीस हजार असेल, तर महिना तेरा हजारांपर्यंत कापले जाऊ शकतात. शिक्षकाच्या घरी ही रक्कम म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा खर्च होय.

दिवंगत वडिलांच्या कर्जाचेही भय अनेक घरांत असते. वारसाची जबाबदारी वारशाने हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. पुत्राने पित्याचे ऋण धर्म म्हणून फेडावे, या जुन्या हिंदू विधीच्या आधारावर मुलाविरुद्ध दाद देणे २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरते, बंद केले. जामीनदाराची गोष्ट मात्र निराळी. सहकाऱ्यासाठी पतपेढीच्या कागदावर केलेली सही विस्मरणात गेली, तरी जामीनदार मूळ कर्जदाराइतकाच बांधलेला असतो. तेथे वसुली बहुधा सहकार निबंधकाच्या दाखल्याने होते. त्या सुनावणीसही गैरहजर राहणे तितकेच महागात पडते.

हे सारे कर्ज बुडवण्याचे शिक्षण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा नाही. घेतलेले कर्ज फेडावे, हा संस्कार या समाजाने सोडलेला नाही. किंबहुना त्या संस्काराच्या लाजेपोटीच निरपराध माणूस गप्प बसतो आणि वसुलीवाल्याचे फावते. देणे खरे आहे की नाही, हे दाखवण्याचा भार मागणाऱ्यावर टाकणे हा न्याय आहे. अमेरिकेतही वसुली कंपन्यांनी मुदतबाह्य कर्जासाठी दावा लावण्यास वा तशी धमकी देण्यास नोव्हेंबर २०२१ पासून नियमाने मनाई आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीचे दूरध्वनी करण्यास बंदी घातली. हे ठीकच झाले; परंतु दूरध्वनीची वेळ ठरवून खोट्या दाव्याचे निवारण होत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. विकत घेतलेल्या कर्जाचा दावा नोंदवताना मूळ करार, हस्तांतराची संपूर्ण साखळी आणि शेवटच्या भरण्याची तारीख जोडल्याशिवाय तो दाखल करून घेऊ नये. दुसरे, प्रत्येक समन्सबरोबर सोप्या मराठीतील एक पान द्यावे: किती दिवसांत, कोठे, काय दाखल करायचे आणि मोफत वकील कोठे मिळेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना आणि अल्प उत्पन्न गटाला विनामूल्य वकिलाचा हक्क दिला आहे. हा हक्क फोर्टातील वा दिंडोशीतील न्यायालयाच्या भिंतीवरील फलकापुरता राहू नये.

तोवर नागरिकांनी त्या म्हणीचा अर्थ नीट लावावा. दुसऱ्याला खेचण्यासाठी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण आपल्याला खेचले गेले असता जो ती चढत नाही, त्याचा निकाल पायरीखालीच लागतो.