कच्ची खोली, पक्की खोली

अकोल्यात खदानच्या अंगाला सिंधी कॅम्प आहे. तिथल्या लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पावत्यांवर अजून दोन पत्ते छापून येतात : 'कच्ची खोली' आणि 'पक्की खोली'. खोल्या कधीच्या गेल्या. कच्च्या खोलीच्या जागी आता तिमजली घर उभं असतं, खाली होलसेलचं गोदाम, वर गॅलरीत स्टीलची चकचकीत जाळी. पत्ता मात्र कच्चाच. नव्या माणसाला हसू येतं, जुन्याला येत नाही.

या कॅम्पाच्या तोंडाशी सकाळी दाल-पकवानाची गाडी लागते. मी आठवड्यातून एकदा तिथे जातो, डॉक्टरांना सांगू नये अशा कारणासाठी. परवा बाजूला एक पोरगा उभा होता. कृषी विद्यापीठात शिकतो म्हणाला. आडनाव बंगाली, मराठी मात्र झाडीपट्टीच्या हेलाची. "गाव कोणतं रे?" म्हटलं, तर "मुलचेरा तालुका, गडचिरोली." घरी बंगाली, बाजारात मराठी, आणि वर्गातल्या मित्रांकडून उचललेली थोडी माडिया. आजोबा पूर्व बंगालातल्या बरिसालचे.

गाडीवाले काका सिंधी. त्यांचे वडील लारकान्याहून आले. म्हणजे एका फाळणीची दोन टोकं, पश्चिमेकडचं आणि पूर्वेकडचं, अकोल्यात एका पत्रावळीवर आली होती. आमचा एक दोस्त तिथेच चहा फुंकत होता. पोरगा गेल्यावर त्यानं निकाल देऊन टाकला : "पाह्य ना भाऊ, दोघंही निर्वासित. सिंध्याईनं मार्केट उभं केलं, अन् बंगाली अजून धानाच्या बांधीतच हायेत. त्याईचं रगतच येपाराचं हाये."

हे रक्ताचं गणित वऱ्हाडात फार चालतं. मारवाड्याचं रक्त, कच्छ्याचं रक्त, सिंध्याचं रक्त. आणि आपलं रक्त काय ते कर्जमाफीच्या यादीत. मला हे गणित कधी पटलं नाही. दोन निर्वासित समाजांचं बरं-वाईट मोजायचंच तर आधी गाडी कुठे थांबली ते पाहावं, मग हातात कोणता कागद दिला ते पाहावं. रक्त तपासायची पाळी त्यानंतरची.

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, पण म्हणून १९४७च्या सिंध्याला वऱ्हाड ओळखीचं होतं असं नाही. पंजाबसारखी त्याची सरळ वाटणीही झाली नाही. अख्खा प्रांत पलीकडे गेला. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि राहिलेल्यांचाही धीर सुटला. कोणी कराचीहून आगबोटीनं मुंबईला किंवा ओख्याला उतरलं, कोणी खोखरापार-मुनाबावच्या वाळूतून जोधपूरला. मुंबईत उतरलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी बराकी दाखवल्या, त्याचं पुढे उल्हासनगर झालं. बाकीच्यांना रेल्वेनं आत ढकललं. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नागपूर, अमरावती, अकोला ही त्या ढकलण्यातली ठिकाणं. म्हणजे कॅम्प म्हटलं तरी तो हावडा-मुंबईच्या मुख्य मार्गावरच्या किंवा त्याला लागून असलेल्या शहरात पडला. तो मार्गही कसला, तर कापूस, सरकी, तूरडाळ आणि कापडाच्या गाठी अहोरात्र वाहणारा. रिकाम्या हातानं उतरलेला माणूस सकाळी पापडाची थाळी डोक्यावर घेऊन टिळक रोडवर जाऊ शकत होता आणि संध्याकाळी दोन रुपये घेऊन परतू शकत होता.

सिंधी दुकानदारीची रीत इथल्या जुन्या व्यापाऱ्यांनी नाक मुरडतच पाहिली. जे कापड पेढीवर गादीला टेकून विकलं जायचं, ते हा माणूस फुटपाथवर उभा राहून आण्यानं स्वस्त विकायचा. नफा बारीक, उलाढाल मोठी, उधारी कमी, आणि घरातलं दहा वर्षांचं पोरही गल्ल्यावर. बायका घरात पापड, वड्या, लोणची करायच्या. हे कष्ट खरे आहेत, त्यातलं एक आणाही मी कमी करत नाही. पण कष्टाला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक चालत्या बाजारातच असतं.

दुसरी गोष्ट क्लेमची. हा शब्द कॅम्पातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी इतका रुळलेला आहे की तो सिंधीच असावा असं वाटतं. "क्लेम आला", "क्लेम अडकला", "क्लेमात खोली वळती केली." सरकारनं १९५४ साली विस्थापितांच्या भरपाईचा कायदा केला. पलीकडे राहिलेल्या घरादाराचा दावा लावायचा, तो तपासायचा, आणि इकडून पाकिस्तानात गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या साठ्यातून काही हिस्सा द्यायचा. पूर्ण भरपाई कोणाला मिळाली नाही; दावा जितका मोठा, तितकी कात्री मोठी. पण काही तरी मिळालं. त्याआधी १९४८पासूनच पुनर्वसनासाठी कर्ज देणारी सरकारी वित्तसंस्था होती. पक्की खोली पक्की होण्यामागे हा कागद आहे.

आणि हा कायदा फक्त पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी होता. त्या पोराच्या आजोबांसाठी नव्हता.

कारण ८ एप्रिल १९५०चा नेहरू-लियाकत करार. दोन्ही बंगालमधल्या अल्पसंख्याकांनी आपापल्या जागी परतावं, त्यांची मालमत्ता त्यांचीच राहील, असं दोन्ही सरकारांनी ठरवलं. कागदावर हे फार उदार दिसतं. व्यवहारात अर्थ असा झाला की पूर्वेचा निर्वासित हा कायमचा निर्वासित धरलाच गेला नाही. मालमत्ता त्याचीच आहे तर भरपाई कसली? लोक मात्र येत राहिले. १९५०ला आले, १९६४च्या दंगलींनंतर लोंढेच आले. पश्चिम बंगालनं आता जागा नाही म्हणून हात वर केले. सियालदहहून आगगाड्या थेट रायपूरजवळच्या माना कॅम्पाकडे निघाल्या. तिथून कोणी बस्तर-कोरापुटच्या दंडकारण्य प्रकल्पात गेलं, कोणी तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात. तो भाग १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला. मुलचेऱ्याकडची सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं ऐका. आसपासच्या गोंडी नावांत ती पाहुण्यासारखी वाटतात.

सरकारनं विचार असा केला की हे शेतकरी, यांना जमीन द्यावी. जंगल तोडून काही एकर दिली. विचार वाईट नव्हता, जागा तशी होती. आजही गडचिरोली जिल्ह्यात जुनं रेल्वे स्टेशन विचाराल तर एक देसाईगंज, म्हणजे वडसा, तेही अगदी उत्तर टोकाला. मुलचेऱ्याहून आगगाडी धरायची तर बल्लारशा गाठावं लागतं, आणि पावसाळ्यात नाल्यांची मर्जी सांभाळावी लागते. तिथे पापडाची थाळी डोक्यावर घेऊन कोणाच्या दारी जायचं? शिवाय ज्या जंगलात गावं वसवली त्यावर शेजारच्या माडिया-गोंडांची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट होती. त्यांना कोणी विचारलं नाही. घर गमावलेल्याला घर देताना दुसऱ्याच्या परसात खुंटी ठोकायची, ही आपली जुनी सरकारी पद्धत.

दोस्ताच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. सुरुवातीची रेघ दोघांची सारखी नव्हती. सिंधमधले हिंदू प्रामुख्यानं शहरातले : आमिल म्हणजे नोकरी-कारकुनीवाले, भाईबंद म्हणजे व्यापारी. हैदराबाद सिंधच्या भाईबंदांच्या पेढ्या तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जपानपासून जिब्राल्टरपर्यंत होत्या. कॅम्पात असे कोठीवाले फारसे उतरले नाहीत, पण हिशेबाची, हुंडीची, परगावच्या नातलगाची सवय सगळ्यांना होती. बंगालात उलट झालं. ज्यांच्याकडे शिक्षण, पैसा, कलकत्त्यात मामा होता, ते आधीच निघून आले. १९६४नंतर आगगाडीत कोंबले गेले ते बहुतांशी नमःशूद्र शेतकरी आणि मासेमार. रक्त नव्हे, जात आणि वर्ग. आणि तो भेद फाळणीनं नाही, फाळणीच्या आधीच केलेला.

इथे महाराष्ट्राला थोडं ओशाळवाणं वाटायला हवं. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबई इलाख्यातून नव्हे, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमःशूद्र सहकाऱ्यांनी ते घडवलं. तीच नमःशूद्र जात पश्चिम बंगालच्या यादीत अनुसूचित आहे; महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादी राज्यागणिक वेगळी असते, कायदा तसाच आहे. पण या लोकांनी राज्य निवडलं नव्हतं. त्यांना डब्यात बसवून इथे उतरवलं गेलं. तो पोरगा म्हणाला, "ओपनमधून लागलो, सर." त्यात थोडा अभिमान होता, पण जास्त करून थकवा.

कागदांची रांग इथे संपत नाही. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्या जागी राहत असल्याचा पुरावा लागतो. साठच्या दशकात सरकारनंच आणून बसवलेला माणूस १९३० सालचा पुरावा कुठून आणेल? मिळालेली जमीनही भोगवटादार वर्ग दोनची. म्हणजे कसायची तुम्ही, पण विकायला, वर्ग बदलायला साहेबाकडे अर्ज. अशा सात-बाऱ्यावर बँकेचा मॅनेजर चहासुद्धा पाजत नाही.

सिंधी मंडळींनी मात्र यावर मिशीला पीळ देऊ नये. त्यांच्याही कितीतरी घरांच्या पट्ट्यांचा घोळ इतकी वर्षं चालला की राज्य सरकारला २०२५ साली सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करण्यासाठी खास अभय योजना आणावी लागली. पंचाहत्तर वर्षं राहून, कर भरून, तीन मजले चढवूनही जमिनीच्या कागदावर माणूस निर्वासितच. फरक एवढाच की ज्याचं दुकान चालतं त्याला हा कागद छळतो, आणि ज्याची शेती पावसावर आहे त्याला तो बुडवतो. कॅम्पात सगळेच दुकानदार आहेत असंही समजू नका. दुसऱ्याच्या काउंटरवर बारा तास कापड उलगडणारे, सायकलवर पापड विकणारे, भाड्याच्या खोलीतले सिंधी मी ओळखतो. 'सिंधी म्हणजे पैसेवाला' या कौतुकानं त्यांचं फार नुकसान केलं आहे. बिचाऱ्यांना गरीब म्हणून कोणी धरतच नाही.

आता तराजूचं दुसरं पारडं. बंगाली वस्त्यांत दुर्गापूजा होते, बोडीत मासे पाळले जातात, आणि पोरं आजीशी तिच्या भाषेत भांडतात. त्यांच्या भाषेला मागे एक अख्खं राज्य आहे, शेजारी एक देशही. सिंधीला भारतात राज्यच नाही. आठव्या अनुसूचीत जागा मिळवायलाही १० एप्रिल १९६७ उजाडावा लागला. लिपी अरबी ठेवायची की देवनागरी, यावर पंडित भांडत राहिले, तोवर नातवंडं इंग्रजी शाळेत पोचली. माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानात मालकांनी आजोबांची वही देवघरात ठेवली आहे. ती हटवाणिकात आहे, सिंधी व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या मोडीत म्हणा. घरात ती कोणाला वाचता येत नाही. कोणाकडून किती येणं होतं, कोणाला किती देणं होतं, सगळं उदबत्तीच्या राखेखाली.

अमरावतीचं उदाहरण याच्या उलट, म्हणून सांगतो. संत कंवरराम हे पायात घुंगरू बांधून गाणारे भगत. १ नोव्हेंबर १९३९ला सिंधमधल्या रुक स्टेशनावर आगगाडीत त्यांना गोळ्या घातल्या. त्यांची गादी आज अमरावतीत आहे, आणि कंवरनगर नावाची वस्तीही. देशभरातले सिंधी तिथे येतात. माणसं दुकान कुठेही टाकतात. गादी मात्र जिथे जीव थाऱ्यावर येतो तिथेच टाकतात. वऱ्हाडानं सिंध्यांना बाजार दिला हे सगळे सांगतात, हे दुसरं देणं फारसं कोणी मोजत नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सिंधी मातृभाषा सांगणारे सात लाखांवर भरले आणि बंगाली सांगणारे चार लाखांवर. त्या बंगाल्यांत पवईचा इंजिनिअरही आला आणि मुलचेऱ्याचा धान उत्पादकही. कोण कोणत्या आगगाडीनं आला, याचा रकाना खानेसुमारीत नसतो. म्हणून मग रक्ताची गणितं चालतात.

या आठवड्यात पुन्हा गाडीवर गेलो. पोरगा होताच, आणि काकांनी त्याला आता गिऱ्हाइकाऐवजी नातलगासारखं धरलं होतं. पकवान मोडून त्यावर डाळ ओतता ओतता त्यांनी अगदी सहज विचारलं, "बेटा, तुम्हारे दादाजी को क्लेम कितना मिला था?"

पोरानं माझ्याकडे पाहिलं. "क्लेम म्हणजे पीक विम्याचा का, सर?"

– वऱ्हाडकर