चुलीचं कौतुक कुणाला?

सातारा-कराड हायवेला 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की मला आईचे लाल डोळे आठवतात. १९८०च्या दशकात सरकारनं बिनधुराच्या चुलीची योजना काढली. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरीही गवंडी आला, चूल बांधून गेला. तोंड लहान, आमचं पातेलं मोठं. पाइप काजळीनं तुंबला, धूर उलटा घरात! तो झाडायचा कसा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी आईनं ती फोडली, माती-भुसा मळून जुनी चूल घातली. लोक म्हणाले, अडाणी! अहो, बांधताना तिला विचारलं होतं का? २०१६ला उज्ज्वला आली. तरी टाकी महागली की बाया पुन्हा चुलीपुढंच. चवीचं कौतुक करणाऱ्यांनी महिनाभर फुंकणी हातात धरावी. मग बोलू.