संगिनीचा हिशेब

जुन्या लोखंडाच्या ढिगात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेली इंग्रजी संगीन सापडली, की ती 'मार्शल लॉच्या वेळची' असे सांगण्याचा मोह सोलापुरात कोणालाही होईल. १२ मे ते ३० जून १९३० या काळात ज्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले, त्या शहराला हा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक असणे म्हणजे सत्य असणे नव्हे.

संगीन नीट पाहावी. तिला मूठ नसून बंदुकीच्या तोंडावर बसणारी पोकळ नळी असेल, नळीपासून बाक घेऊन पुढे गेलेले पाते त्रिधारी असेल, तर ती बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील किंवा त्याहून जुनी होय. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची संगीन या जातीची. मार्टिनी-हेन्री रायफल आली तेव्हा काटकसर म्हणून या जुन्या संगिनींच्या नळीत आतून अस्तर बसवून त्या पुन्हा वापरल्या गेल्या. पुढे १८७६ मध्ये अधिक लांब पात्याचा नमुना निघाला. १८८८ नंतर इंग्रज पायदळाने मूठ असलेली, सुरीसारखी संगीन स्वीकारली. १९३० मध्ये शहरात उतरलेल्या लष्कराच्या रायफलींवर ही नळीची संगीन असण्याचा संभव नाही.

मग ती निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. १८७६ हे साल सोलापूर जिल्ह्याने कधी विसरू नये. त्याच साली पाऊस हुकला आणि १८७८ पर्यंत दख्खन होरपळली. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर नाममात्र रोकड पुरे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दुःस्थितीची हकीकत सरकारपुढे मांडली. त्याच सुमारास, १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धाच्या खर्चाचा मोठा भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेला विनापरवाना शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या ओहोटीचा हिशेब आयुष्यभर मांडला, त्याच्या खर्चाच्या बाजूला ही संगीन आहे. मजुराचे धान्य तोलून देणाऱ्या राज्याने तिची लांबी मात्र वाढविली.

यावर कोणी म्हणेल, हुतात्म्यांचे नाव जोडल्याने बिघडले कोठे? माझ्या मते पुष्कळ बिघडते. चार हुतात्म्यांच्या बलिदानाला बनावट पुराव्याची गरज नाही. एक वस्तू खोटी ठरली, की उद्या खऱ्या वस्तूवरही संशय घेतला जाईल. शिवाय, कथेमुळे वस्तूचा भाव वाढतो हे बाजाराचे तत्त्व मान्य केले, तरी त्या भावासाठी दुष्काळाचा इतिहास पुसला जातो; ही किंमत फार मोठी आहे.

उपाय खर्चिक नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. पण कायदा वस्तू राखील, तिची हकीकत राखणार नाही. ते काम आपले आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी घरोघरच्या अशा वस्तूंची साधी नोंदवही करावी. कोठे सापडली, घरात केव्हापासून आहे, नळीवर राजमुकुट, तपासनिसाचा शिक्का किंवा पलटणीचे आकडे आहेत काय, एवढे लिहिले तरी पुरे. गंज घासताना हे शिक्केच नाहीसे होतात, हेही लोकांना सांगावे.

कारकुनाला नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही आणि शिक्षकाला सत्याचे. संगीन ज्यांनी रोखली त्यांचे राज्य गेले. तिचा हिशेब लिहिण्याचे काम मात्र शिल्लक आहे आणि तो खरा लिहिला पाहिजे.