ब्रशचे टोक ओठांत नको

पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या मुलाला घरीही तशीच गाडी हवी होते. मग डबे रंगवायला घेताना छटेचा विचार भरपूर होतो. रंग कशात कालवलेला आहे, याचा होत नाही. इनॅमलची चकाकी छान, पण त्याच्या थिनरने बंद खोलीत डोके दुखू लागते आणि कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. घरात पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच वापरावा. त्याला सिंथेटिक केसांचा बारीक गोल ब्रश पुरतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे खिडकीची चौकट रंगवताना ब्रश ओठांत धरून टोक काढणे. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम लावणाऱ्या मुलींना कारखान्यातच ही युक्ती शिकवली गेली. १९२० च्या दशकात त्यांची जबड्याची हाडे झिजू लागली. मॉडेलच्या रंगात रेडियम नसते, हे खरे. पण काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असते. आणि भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. माळ्यावरचा त्याआधीचा डबा मुलाच्या हाती देऊच नये. टोक काय, ओल्या फडक्यावर फिरवूनही निघते.