वास्तुशांतीच्या आधी माती-तपासणी

पलसाण्यात प्लॉट घेतला की आपण दिशा बघतो, माती नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, तरी इमारती अहमदाबाद-सुरतेतही कोसळल्या. आयएस १८९३ (२०१६) नुसार सुरत भूकंप विभाग ३ मध्ये येतं. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यातल्या कडकपणावर भुलू नका.

तपासणीत बोअर घेऊन ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकतात. नळी ३० सेंमी आत जायला लागलेले ठोके म्हणजे ‘एन’. पाच मीटरपर्यंत तो १५ पेक्षा कमी असेल, तर जमीन सुधारा किंवा पाया खोल न्या. माती फुगते किती, तेही तपासून घ्या.

शेजाऱ्याचा रिपोर्ट चालणार नाही. रिपोर्ट हातात आल्यावरच इंजिनिअरकडून पाया ठरवून घ्या. फरशी नंतर बदलता येते, पाया नाही.